तिखटाचं कारण सांगून मुरलेली वाइन नाकारू नका

"भारतीय जेवण आहे ना? मग ताजी, गोडसर, थंडगार पांढरी वाइन घ्या." न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या वाइनच्या दुकानांत हा सल्ला हमखास मिळतो. रेस्टॉरंटच्या यादीत तो छापलेला असतो, खाद्यपुरवण्यांतून तो वर्षानुवर्षं फिरतो, आणि आता इथली मराठी माणसंही तो एकमेकांना देऊ लागली आहेत. त्याची दुसरी बाजू सहसा कुणी बोलून दाखवत नाही, पण ती त्यातच दडलेली आहे: दहा-बारा वर्षं मुरलेली वाइन मसाल्याच्या जेवणाबरोबर उघडणं म्हणजे ती वाया घालवणं. माझा या सल्ल्याला ठाम विरोध आहे. त्यात आपल्या जेवणाबद्दलचं अज्ञान आहे आणि मुरलेल्या वाइनबद्दलचंही. ज्या शहरापासून तासाभराच्या आत वायपाराचे द्राक्षमळे आहेत, तिथे तरी हे अज्ञान चालू नये.

आधी या सल्ल्यातलं खरं ते मान्य करू. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांना चेतवतं आणि अल्कोहोलही त्याच संवेदकांवर काम करतं. म्हणून कडक लाल वाइन झणझणीत रश्श्यावर घेतली की जाळ वाढतो. कोवळ्या लाल वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, तोंड कोरडं पाडतं, आणि तिखटाने आधीच हुळहुळलेल्या जिभेला आणखी टोचतं. उलट साखर तिखटाची धार बोथट करते आणि थंडपणाने घटकाभर बरं वाटतं. इथपर्यंत सल्ला देणाऱ्यांचं बरोबर आहे. ठेचा-भाकरीबरोबर मीही कुणाला दहा वर्षांची पिनो न्वार सुचवणार नाही.

चूक पुढच्या पायरीवर होते. मसाला म्हणजे तिखट, आणि भारतीय जेवण म्हणजे एकच एक तिखट कालवण, असं धरून चालल्यावरच हा नियम उभा राहतो. हे गृहीतक कोल्हापूरच्या एका ताटासमोर टिकत नाही. तिथे तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा शेजारी-शेजारी वाढले जातात. तांबड्यात मिरचीची आग असते. पांढऱ्यात मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ-खसखशीचं वाटण आणि खड्या मसाल्याचा हलका वास. एकाच बकऱ्याचं मटण, एकच स्वयंपाकघर, एकच ताट, आणि तरी या दोन वाट्यांना एकच वाइन सुचवणं शक्य नाही. मग पुण्याची चिंच-गुळाची आमटी, खानदेशातलं चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मालवणातलं तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण आणि नागपूरचं सावजी मटण या सगळ्यांना एकाच ओळीत बसवणारा माणूस नेमकं कशाबद्दल बोलतो आहे? तो फक्त मिरचीबद्दल बोलतो आहे. फ्रेंच जेवणाबद्दल कुणी इतकं सरसकट बोललं असतं, तर त्याच्याकडून कुणी वाइनचा सल्ला घेतला नसता.

आता त्या नियमाच्याच तर्काने पुढे जाऊ. तिखटाशी भांडण होतं ते प्रामुख्याने टॅनिनचं आणि अल्कोहोलचं. बाटलीत वर्षं जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना जुळत जातात, त्यातले काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि वाइनचा खरखरीतपणा कमी होतो. अल्कोहोल मात्र कमी होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. म्हणजे मध्यम तिखटाच्या मटणाबरोबर लाल वाइन घ्यायचीच असेल, तर दोन वर्षांच्या बाटलीपेक्षा दहा वर्षांची बाटली जिभेला कमी त्रास देते. लाल वाइनमध्येही कोवळीच सुचवणारे आपल्याच कारणमीमांसेच्या विरुद्ध सल्ला देत आहेत. मुरलेली लाल वाइन नाजूक असते आणि मसाल्यापुढे तिचा आवाज दबतो, असा त्यांचा युक्तिवाद असतो. दबतो की नाही, हे मसाला कुठला यावर ठरतं.

गोड्या मसाल्याचंच पाहा. धणे, जिरं, तीळ, सुकं खोबरं, दालचिनी, लवंग, तमालपत्र, नागकेशर आणि दगडफूल, सगळं तेलावर मंद भाजून कुटलेलं. यातलं दगडफूल ही मुळात झाडाच्या सालीवर आणि खडकावर वाढणारी दगडी शेवाळासारखी दिसणारी लायकेन. नुसती हुंगली तर तिला ओल्या लाकडाचा, मातीचा वास असतो, आणि गरम तेलात पडली की त्याला धुराची झाक येते. आता आठ-दहा वर्षांची वायपाराची पिनो न्वार हुंगा. कोवळेपणी तिच्यात चेरी आणि बेरीची फळं पुढे असतात. ती मागे सरली की ओला पाचोळा, अळंबी, चामडं, सुकं अंजीर आणि गरम मसाल्याची आठवण देणारे वास वर येतात. फळाचा जोर ओसरल्यावर जे उरतं, ते गोड्या मसाल्याच्या कुळातलंच आहे. भरल्या वांग्यातलं दाण्याचं कूट आणि तीळ, काळ्या मसाल्यातल्या मटणातलं भाजलेलं खोबरं, मसालेभातातलं तोंडलं आणि वरचं तूप, यांच्याबरोबर ही वाइन दबत नाही. तिला जोड मिळते. फळांनी भरलेली कोवळी पिनो न्वार याच भरल्या वांग्यांबरोबर घेतली, तर फळाचा गोडवा एका बाजूला आणि भाजलेल्या मसाल्याचा खमंगपणा दुसऱ्या बाजूला राहतो.

पांढऱ्या वाइनची गोष्ट याहून ठळक आहे, कारण वायपाराच्या रीसलिंगइतकी मराठी जेवणाला जवळची वाइन मला दुसरी माहीत नाही. रीसलिंगमध्ये आम्लता भरपूर असते आणि तीच तिला वर्षानुवर्षं उभी ठेवते. वायपारात ती पुष्कळदा थोडी साखर शिल्लक ठेवून केली जाते. कोवळेपणी हा गोडवा जिभेवर वेगळा जाणवतो. दहा वर्षांनी साखर तेवढीच असते, पण गोडवा आत मिसळून गेल्यासारखा वाटतो आणि मध, भाजलेला पाव, लिंबाच्या सालीचा मुरंबा असे वास येतात. सोबत रॉकेलची आठवण देणारा तो प्रसिद्ध वासही असतो. टीडीएन नावाच्या संयुगामुळे येणाऱ्या या वासाने काही जण दचकतात, पण तो प्रमाणात असला तर दोष नव्हे, रीसलिंगच्या वयाची ओळख आहे.

आता आमटी घ्या. तिच्यात गूळ असतो, आणि गोड पदार्थावर कोरडी वाइन घेतली की ती आंबट आणि पोकळ लागते. चिंच असते, आणि आंबट पदार्थापुढे कमी आम्लतेची वाइन सपाट पडते. फोडणी आणि गोडा मसाला असतो, त्यापुढे नुसत्या ताज्या फळाच्या वासाची वाइन पोरकी वाटते. गुळाला उत्तर द्यायला साखर, चिंचेला उत्तर द्यायला आम्लता आणि मसाल्याला उत्तर द्यायला वयाने आलेला खमंगपणा, हे तिन्ही एका बाटलीत हवं असेल तर ती बाटली मुरलेल्या, किंचित गोड रीसलिंगची आहे. ताजी रीसलिंग पहिल्या दोन गोष्टी देते. तिसरी फक्त काळ देतो.

यावर इथले लोक दुसरा आक्षेप काढतात: न्यूझीलंडची वाइन ठेवण्यासाठी नसतेच. हा समज आला कुठून हे उघड आहे. देशाच्या वाइन निर्यातीत सॉव्हिन्यों ब्लांचा वाटा प्रचंड आहे आणि तिचा बराचसा भाग मार्लबरोचा. १९७३ मध्ये तिथे व्यापारी प्रमाणावर वेली लावल्या गेल्या, क्लाउडी बे या उत्पादकाच्या १९८५ च्या वाइनने ती जगाच्या नकाशावर आणली, आणि पॅशनफ्रूट आणि ताज्या गवताचा तो धारदार वास म्हणजेच न्यूझीलंडची वाइन अशी ओळख पक्की झाली. तो वास ज्या संयुगांतून येतो, त्यांतली महत्त्वाची संयुगं बाटलीत वर्ष-दोन वर्षांत झपाट्याने विरतात. म्हणून ती वाइन ताजीच प्यावी हे बरोबर. पण एका जातीचा गुणधर्म अख्ख्या देशाच्या माथी मारणं आणि मसाल्याला मिरचीवर आणून ठेवणं, दोन्ही एकाच जातीच्या चुका आहेत.

ख्राइस्टचर्च ज्या प्रदेशात आहे त्या कँटरबरीने तर अशा ठोकताळ्यांना आधीही खोटं पाडलं आहे. १८४० मध्ये आकारोआला उतरलेल्या फ्रेंच वसाहतकऱ्यांनी तिथे द्राक्षवेली लावल्या, पण तो प्रयत्न टिकला नाही. पुढे दीर्घकाळ हा प्रदेश द्राक्षांसाठी फार थंड मानला गेला. १९७३ पासून लिंकन महाविद्यालयात डेव्हिड जॅक्सन आणि डॅनी शूस्टर यांनी वेगवेगळ्या जातींच्या चाचण्या घेतल्या. शहराच्या उत्तरेला बेलफास्टजवळ मंडी बंधूंनी बटाट्याच्या जमिनीवर सेंट हेलेना हा मळा उभा केला, आणि त्यांच्या १९८२ च्या पिनो न्वारने सुवर्णपदक मिळवून तो समज मोडला. थंडी हा ज्या प्रदेशाचा दोष मानला जात होता, तीच त्याची ताकद निघाली. वायपाराला टेव्हियटडेलच्या टेकड्या समुद्राच्या गार पूर्ववाऱ्यापासून आडोसा देतात, वायव्येचा कोरडा वारा ऊब आणतो, रात्री थंड राहतात, आणि द्राक्षं शरदात सावकाश पिकतात. सावकाश पिकलेल्या द्राक्षात आम्लता टिकते. आम्लता टिकली की वाइन टिकते.

पेगासस बे या घराण्याने तर हे दाव्यापुरतं ठेवलेलं नाही. ख्राइस्टचर्चमधले मेंदुविकारतज्ज्ञ आणि वाइनलेखक आयव्हन डोनल्डसन आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टीन यांनी १९८० च्या दशकात वायपारात वेली लावल्या. आज हे घर आपल्या काही वाइनच्या बाटल्या मागे राखून ठेवतं आणि सुमारे दहा वर्षांनी विक्रीला काढतं. स्वतःचे पैसे दहा वर्षं अडकवून ठेवणाऱ्याला आपली वाइन टिकते की नाही हे कळत असणारच. तिकडे वेका पासजवळच्या चुनखडीच्या उतारावर शेरविन फेल्डहाउझेन आणि मार्सेल गीसन यांनी १९९७ पासून बेल हिल हा मळा वाढवला. तिथली शार्डोने आणि पिनो न्वार पहिल्या वर्षी पिऊन टाकण्यासाठी केलेली नाही.

मग येतो झाकणाचा आक्षेप. फिरकीच्या झाकणाची बाटली मुरत नाही, त्यासाठी बूचच हवं, असं आजही ऐकू येतं. न्यूझीलंडच्या उत्पादकांनी २००१ मध्ये एकत्र येऊन फिरकीच्या झाकणाचा पुरस्कार केला, आणि आज इथल्या दहांपैकी नऊहून अधिक बाटल्यांना तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधन संस्थेने १९९९ च्या सेमियोंवर वेगवेगळी झाकणं लावून वर्षानुवर्षं तुलना केली. फिरकीच्या झाकणाखाली ताजेपणा चांगला राहिला. बुचांच्या बाबतीत बाटलीगणिक फरक पडला. फिरकीच्या झाकणातूनही अत्यल्प प्राणवायू आत जातो, आणि मुरण्याच्या बऱ्याचशा प्रक्रियांना तेवढाही पुरतो किंवा लागतही नाही. फरक इतकाच की वाइन सावकाश मुरते आणि बुचामुळे येणाऱ्या कुबट वासाचा धोका जवळपास संपतो. दहा वर्षं वाट पाहायची असेल, तर हा सौदा ग्राहकाच्या फायद्याचा आहे.

आता आपल्या माणसांशी बोलायला हवं, कारण आपल्याकडे याच्या नेमकं उलट टोकाचा समज आहे: जितकी जुनी तितकी उत्तम. हाही तितकाच घातक आहे. जगात तयार होणारी बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत प्यायची असते आणि ठेवल्याने ती बिघडते. मुरण्यासाठी आम्लता, टॅनिन, साखर यांपैकी काहीतरी भक्कम असावं लागतं आणि फळाचा कस असावा लागतो. मऊ पडलेल्या कैरीचं लोणचं बरणीत कितीही दिवस ठेवलं तरी मुरत नाही, ते विरघळतं. वाइनचंही तेच. नाशिकच्या मळ्यांत वर्षाला दोन छाटण्या होतात, वेल थंडीत झोपत नाही, द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. तिथली शेनिन ब्लां किंवा सॉव्हिन्यों ब्लां ताजेपणासाठी केलेली असते आणि ती ताजीच प्यावी. अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते यासारख्या काही लाल वाइन काही वर्षं ठेवण्याच्या हेतूनेच केल्या जातात. नियम देशावर ठरत नाही. वाइन कशी घडवली त्यावर ठरतो.

ती कुठे ठेवली त्यावरही ठरतो. इथून पुण्याला नेलेली चांगली बाटली दिवाणखान्याच्या कपाटात उभी राहते, एप्रिल-मेची चाळिशी सोसते, आणि पाच वर्षांनी उघडल्यावर उकडलेल्या फळाचा वास येतो. मग न्यूझीलंडची वाइन टिकत नाही असा निष्कर्ष काढला जातो. वाइनला १२ ते १५ अंशांचं स्थिर तापमान आणि अंधार लागतो. ख्राइस्टचर्चमध्येही गॅरेज ही तिची जागा नाही, कारण वायव्येचा वारा सुटला की तिथलं तापमान दिवसभरात कुठल्या कुठे जातं. घराच्या दक्षिण बाजूच्या आतल्या खोलीतलं कपाट त्याहून बरं. जुनी होणं आणि मुरणं यांत हा सगळा फरक आहे, आणि मुरलेल्या वाइनची शिफारस करणाऱ्याने तो सांगितला नाही तर त्याची शिफारस अपुरी आहे.

हा सगळा श्रीमंतांचा शौक आहे, असंही म्हटलं जातं. लिलावातल्या बोर्डोच्या पेट्यांबद्दल ते खरं असेल. पण चांगली रीसलिंग तिच्या दर्जाच्या मानाने जगभर स्वस्त विकली जाते. वायपाराचीही तशीच. आज ताज्या सहा बाटल्या घेऊन ठेवणं आणि दर दीड-दोन वर्षांनी एक उघडणं यासाठी श्रीमंती लागत नाही. संयम लागतो. जो मद्य घेत नाही त्याला ते घ्यायला लावण्याचा माझा हेतू नाही. ताक आणि सोलकढी यांना आपल्या ताटात जी जागा आहे ती कुणीच घेऊ नये. पण जो घेतो, त्याने बेफिकिरीने दिलेला सल्ला का मानावा?

माझी खरी तक्रार सल्ला देणाऱ्यांच्या पद्धतीशी आहे. वाइनचं परीक्षण बहुतेक वेळा जेवणाशिवाय होतं. एका बैठकीत डझनावारी वाइन चाखून थुंकल्या जातात, आणि अशा रांगेत जी मोठ्याने बोलते तीच लक्षात राहते: फळाने भरलेली, ओकच्या वासाची, कोवळी. मुरलेली वाइन तिथे हरते, कारण तिचं सामर्थ्य घोटाघोटाने, घासाघासाने उलगडतं. मग त्याच परीक्षणाच्या शेवटी 'मसालेदार आशियाई पदार्थांबरोबर उत्तम' अशी ओळ चिकटवली जाते. कुठला पदार्थ? चिंचेचा की नारळाचा? भाजलेल्या मसाल्याचा की हिरव्या वाटणाचा? गूळ घातलेला की नाही? ही माहिती नसलेली शिफारस म्हणजे शिफारस नाहीच.

म्हणून मी काय सुचवतो ते पदार्थाचं नाव घेऊन सांगतो. चिंच-गुळाची आमटी, अळूची पातळ भाजी, कोथिंबिरीची वडी: आठ ते बारा वर्षांची, किंचित गोड वायपारा रीसलिंग, १० ते १२ अंशांवर. फ्रिजमधून काढल्या-काढल्या ओतू नका, अति थंडीने वयाने आलेले वास गोठतात. हळद-मीठ-रवा लावून तळलेला आकारोआचा सामन: त्याच रीसलिंगची पाचेक वर्षांची, अधिक कोरडी आवृत्ती. पांढरा रस्सा किंवा नारळाच्या रसातली कोळंबी: सहा-सात वर्षांची शार्डोने, जिच्यात ओक मिसळून गेला आहे. भरली वांगी, मसालेभात, काळ्या मसाल्यातलं मटण: आठ-दहा वर्षांची पिनो न्वार, १५-१६ अंशांवर. मटणासाठी कोवळ्या कोकराऐवजी इथल्या खाटकाकडून होगेट मागा. वर्षभराहून मोठ्या मेंढीचं ते मांस मंद शिजवल्यावर आपल्या रश्श्याला चव देतं. ही बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ तळाशी जाऊ द्या, अलगद ओता, आणि तासन्‌तास हवेवर ठेवू नका. तिचे वास फार काळ थांबत नाहीत. पुरणपोळीसाठी वाइन पोळीहून गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, काही वर्षं मुरलेली गोड रीसलिंग गूळ, जायफळ आणि तुपापुढे ठामपणे उभी राहते. पेगासस बेची आरिया याच जातीची. आणि तांबडा रस्सा, सावजी, ठेचा, लसणाची चटणी यांच्यासाठी मुरलेली बाटली उघडू नका. तिथे ताजी, गोडसर, थंड वाइन हा सल्ला योग्यच आहे. तो त्याच्या जागी राहू द्या.

वाद इतक्याच जागेचा आहे. एका कोपऱ्यात लागू पडणारा नियम अख्ख्या स्वयंपाकघरावर लादला गेला आहे. त्यामुळे वाइन विकणाऱ्याला आपलं जेवण समजून घ्यायची गरज उरलेली नाही आणि आपल्यालाही त्याच्याकडून काही मागायची सवय राहिलेली नाही. ती लावून घेऊ या. पुढच्या वेळी दुकानात 'भारतीय जेवणासाठी' म्हणू नका. पदार्थाचं नाव घ्या, त्यात काय पडतं ते सांगा, आणि विचारा: या जेवणाला शोभेल अशी वय झालेली बाटली तुमच्याकडे आहे का, ती कुठे आणि कशी ठेवली होती? ज्याला उत्तर देता येईल त्याच्याकडून घ्या. ज्याला येणार नाही, तो तुमच्या मसाल्याबद्दल काय सांगतो याकडे लक्ष देण्याचं कारण नाही.